टिपणाचा पत्ता

चाकणच्या एमआयडीसीतला एखादा छोटा पुरवठादार नवा सुटा भाग बनवायला घेतो, तेव्हा क्वालिटीचा माणूस आधी ड्रॉइंगला बलून मारतो. प्रत्येक मापाजवळ एक गोल आणि गोलात आकडा. तपासणी अहवालातली सतरावी ओळ म्हणजे बलून १७. गिऱ्हाईक कंपनीचा फोन येतो, ‘सतरा नंबरला काय झालं?’ आणि दोन्हीकडच्या माणसांचे बोट एकाच भोकाच्या व्यासावर जाते. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली की गडबड होते. मधेच एक माप वाढते, बलून पुन्हा मारले जातात, सतराचे अठरा होतात आणि जुन्या अहवालातला सतरा नंबरचा शेरा भलत्याच मापाला जाऊन चिकटतो. शेरा खरा, मापही खरे, फक्त दोघांची ताटातूट झालेली.

हाच घोळ गेली काही वर्षे संगणकावरच्या नोटबुकांत चालू आहे. नोटबुक म्हणजे एकाखाली एक चौकटी, म्हणजे सेल. एकीत मजकूर, दुसरीत पायथन, तिसरीत त्या पायथनने काढलेला आलेख. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन सुरू केले, त्याला २०११ मध्ये ब्राउझरमधली नोटबुक मिळाली आणि २०१४ मध्ये ज्युपिटर हे नाव आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली, तेव्हा लायगोने त्या विश्लेषणाची नोटबुक जगाला खुली केली. गोंगाटातून तो संकेत वेगळा काढायच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आहेत. तेव्हा नोटबुक हे काही शिकाऊ पोरांचे खेळणे नव्हे. कारखान्यातल्या सेन्सरचे आकडेही आज तिच्यातच तपासले जातात, आणि तपासणारा एकटा नसतो. दुसऱ्याला आलेखावर शंका काढायची असते, तिसऱ्याला त्या शंकेला उत्तर द्यायचे असते.

म्हणून टिपणांचा एक सुटा घटक हवा असतो. एकदा बनवला की नोटबुकला लावता यावा, साध्या मजकुराच्या फाइलीला लावता यावा, तक्त्याला आणि चित्रालाही. असा घटक बनवणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती उत्तराखाली उत्तर कसे दिसावे इथून. नावाचा गोल, वेळ, ‘उत्तर द्या’ची कळ. माझ्या मते हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे तो टिपणाचा पत्ता. टीप नेमकी कशाला लागली आहे आणि ती वस्तू हलली, फुटली, मेली तर टिपेने कुठे जायचे? नोटबुकात सेलशेजारी चौकटी कंसात आकडा दिसतो, पण तो जागेचा आकडा नाही. सेल कितव्या फेरीत चालवला, याचा तो आकडा आहे. मागचे इंजिन पुन्हा सुरू केले की मोजणी एकापासून. त्या आकड्यावर भिस्त ठेवून ‘पाचव्यात चूक आहे’ असे लिहिणाऱ्याची गत चाकणच्या त्या अहवालासारखी होते.

या प्रश्नाची वंशावळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. देहूरोड स्टेशनावर उतरले की एका अंगाला लष्कराचे डेपो आणि कॅन्टोन्मेंट, दुसऱ्या अंगाला काही किलोमीटरवर देहू. दोन्ही ठिकाणी टिपणांचाच कारभार.

आधी देहू. तुकोबांचे अभंग लिहून घेणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते. त्यांची समाधी जवळच सुदुंबऱ्याला आहे. त्यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी पुढे ‘अस्सल गाथा’ छापला. त्याआधी, १८६९ मध्ये, मुंबई सरकारच्या पैशाने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला भाग निघाला. विष्णु परशुरामशास्त्री पंडित संपादक, शंकर पांडुरंग पंडित यांची देखरेख. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांशी पाठ ताडून साडेचार हजारांवर अभंग त्यांनी क्रमांक घालून दिले. पाठभेद तळाशी, आणि तो कुठल्या प्रतीतला हे खुणेच्या अक्षराने. मूळ वर, शंका खाली, शंकेला नाव आणि गाव. दीडशे वर्षांपूर्वीचे हे पान आजच्या कुठल्याही पडद्यापुढे लाजणार नाही.

पण क्रमांकाचे काय झाले? पुढे गाथेच्या आवृत्त्या निघत गेल्या. विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा आली, देहूची आली, १९५० मध्ये सरकारी गाथा पुन्हा छापली गेली. अभंगांची संख्या निराळी, लावणी निराळी, म्हणून क्रमांकही निराळे. कुणी निबंधात ‘अभंग अमुक’ असे लिहिले आणि आवृत्ती सांगितली नाही, तर वाचणाऱ्याने कपाळाला हात लावायचा. वारकऱ्याचे मात्र यात काही अडत नाही, कारण तो क्रमांकाने अभंग शोधतच नाही. त्याला पहिला चरण ठाऊक असतो. गाथेच्या शेवटी अकारविल्हे अनुक्रमणिका असते ती त्याच्यासाठी. कीर्तनात बुवांनी पहिले चार शब्द उचलले की टाळकरी पुढचे घेतात. कोणती आवृत्ती, कितवे पान, हे कुणी विचारत नाही.

संस्कृत टीकाकार हेच पूर्वीपासून करत आले होते. महाभारताचा टीकाकार नीलकंठ चतुर्धर मूळचा गोदाकाठच्या कोपरगावचा, सतराव्या शतकात काशीत जाऊन बसलेला. श्लोकातला एखादा शब्द तो जसाच्या तसा उचलतो आणि मग त्यावर बोलतो. हे झाले प्रतीक. पोथीची पाने उलटसुलट झाली, नकलकाराचे आकडे चुकले, तरी टीका आपला श्लोक हुडकून काढते. २०१७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने वेबवरच्या टिपणांची प्रमाण रचना मंजूर केली. तिच्यात पत्ता देण्याचे अनेक मार्ग आहेत. एक आहे आकड्यांचा, अमुकाव्या अक्षरापासून तमुकाव्या अक्षरापर्यंत. दुसरा आहे अवतरणाचा, म्हणजे नेमके शब्द, शिवाय त्यांच्या आधीचे थोडे आणि नंतरचे थोडे. आकड्यांचा मार्ग झटपट पण ठिसूळ. वरती एक अक्षर वाढले की सगळे सरकते. अवतरणाचा मार्ग संथ पण चिवट. नीलकंठाला आणि टाळकऱ्याला यात नवीन काही दिसले नसते. चांगला घटक दोन्ही पत्ते एकदम लिहून ठेवतो. आधी आकडा पाहतो आणि तिथे ते शब्द नसतील तर शब्द शोधत निघतो.

पत्त्याइतकाच जुना दुसरा प्रश्न आहे कुंपणाचा. टिपणाने मजकुरात शिरायचे की बाहेर थांबायचे? पोथीच्या समासात कुणीतरी एक ओळ लिहितो. पुढचा नकलकार ती सुटलेली ओळ समजतो आणि मधे घालतो. तिसऱ्या नकलेत ती ग्रंथाचीच होऊन बसते. ज्ञानेश्वरी १२९० ची. तीनशे वर्षांत तिचे पाठ इतके बिघडले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांना शुद्ध प्रत तयार करावी लागली. काम झाल्यावर, आपली ओवी ज्ञानेश्वरांच्या ग्रंथात घुसवणाऱ्यांना नाथांनी शेवटी चांगलेच सुनावले आहे. नोटबुकातही हेच होते. टिपणांची सोय नसेल तर लोक सरळ नवा मजकुराचा सेल काढून ‘हा आलेख पुन्हा बघा’ असे लिहितात. वर्षभराने ती नोटबुक तिसऱ्याच्या हाती जाते. तो सेल लेखकाचा निष्कर्ष होता की शेजाऱ्याची कुरकुर, हे त्याला कोण सांगणार?

पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेली शिस्त अशी की स्वीकारलेला पाठ वर. शंका असेल त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ. वगळलेल्या ओळी तारांकित करून तळाशी. फार लांब असतील तर परिशिष्टात. फेकून काहीच द्यायचे नाही, पण मुळात मिसळूही द्यायचे नाही. मी जितके टिपणांचे घटक पाहिले आहेत त्यांतल्या एकालाही हे इतके नीट जमलेले नाही. सत्तेचाळीस वर्षांचा अवधी त्यांना कुणी दिलाही नसता म्हणा.

मग उत्तराखाली उत्तर. इथे एक भन्नाट नमुना आहे. ब्रह्मसूत्रांवर शंकराचार्यांचे भाष्य, भाष्यावर वाचस्पतींची भामती, भामतीवर अमलानंदांचा कल्पतरू, तो देवगिरीच्या यादवांच्या काळातला, आणि कल्पतरूवर अप्पय्य दीक्षितांचा परिमल. मूळ सूत्र धरून पाच पायऱ्या. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने हे सगळे एकत्र छापले तेव्हा प्रत्येक उत्तर थोडे उजवीकडे सरकवत नेले नाही. तसे केले असते तर परिमलाला कागदाच्या काठावर दोन अक्षरांचीही रुंदी उरली नसती. आडव्या रेघा मारून पानाचे थर पाडले आणि प्रत्येक टीकेला पूर्ण रुंदी दिली. पडद्यावर आज नेमकी ती चूक होते. प्रत्येक उत्तर आत सरकते आणि चौथ्या-पाचव्या पायरीला मजकूर काडीसारखा उभा राहतो. मोबाइलवर तर वाचवतच नाही. शहाणे लोक एका पायरीवर थांबतात. मूळ टीप आणि तिच्याखाली काळाच्या क्रमाने उत्तरे. इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड वुली यांनी १९७३ मध्ये प्लेटो यंत्रणेसाठी ‘नोट्स’ लिहिले तेही असेच होते. कोण कुणाला उत्तर देतो हे प्रत्येक टिपेत नोंदवून ठेवावे, पण डोळ्यांना त्याचे झाड दाखवायलाच हवे असे नाही.

आता देहूरोडची दुसरी बाजू. डेपो, कॅन्टोन्मेंट बोर्ड, रेल्वे, सगळीकडे फाइल. सरकारी फाइलला दोन अंगे असतात, टिपणीचे आणि पत्रव्यवहाराचे. आलेली-गेलेली पत्रे एकीकडे. दुसरीकडे, केंद्र सरकारच्या कचेरीत बहुधा हिरवट कागदावर, टिपण्या. परिच्छेदांना सलग क्रमांक. पत्रव्यवहाराच्या अमुक पानाचा हवाला, खाली सही, हुद्दा, तारीख. कारकून लिहितो, कक्ष अधिकारी त्याखाली लिहितो, वरचा त्याखाली. फाइल ‘मार्क’ करायची म्हणजे हल्ली आपण ॲट लावून ज्याचे नाव घालतो त्याच्या टेबलावर ती जायची. विषय संपला की ‘दप्तरी दाखल’. नष्ट नव्हे, मिटलेले. पेशवाईतल्या याद्या या रीतीच्या पूर्वज म्हणाव्यात अशा. अर्जदाराची कलमे एकाखाली एक, आणि कलमाला लागून त्यावरचा निर्णय. एका मागणीला एक उत्तर, दोघांची गाठ कागदावरच पक्की.

राष्ट्रीय सूचना केंद्राने ही फाइल ई-ऑफिसमध्ये पडद्यावर आणली, तेव्हा टिपणीचे दोन रंग केले. पिवळी टिपणी म्हणजे कच्ची, ती बदलता येते, काढून टाकता येते. हिरवी म्हणजे पक्की. ती पुढे गेली की तिला हात लावता येत नाही. खासगी कंपन्यांतल्या डिझायनरांना सरकारी सॉफ्टवेअर दाखवले की ते नाके मुरडतात. दिसायला ते आहेही तसे. पण दिलेले मत नंतर गुपचूप बदलता येऊ नये ही गोष्ट त्याने मुळातच धरली आहे. नोटबुकातल्या टिपणात कालचे ‘आकडे बरोबर आहेत’ आज कुणालाही मागे जाऊन ‘आकडे तपासा’ करता येत असेल आणि त्याचा माग राहत नसेल, तर ते टिपण पुरावा म्हणून कवडीमोलाचे.

आणि पुराव्यावरून तर देहूरोडपासून थोड्याच अंतरावर केवढे रामायण झाले! माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. फाइलवरच्या टिपण्या त्यात येतात की नाही, यावर वाद पेटला. केंद्रीय माहिती आयोगाने जानेवारी २००६ मध्ये त्या येतात असे म्हटले. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच वर्षी जुलैमध्ये त्या वगळणारी दुरुस्ती पुढे केली. ९ ऑगस्ट २००६ ला अण्णा हजारे आळंदीत उपोषणाला बसले. सरकारने माघार घेतली आणि १९ ऑगस्टला उपोषण सुटले. निर्णयाचे पत्र दाखवू पण त्या निर्णयापर्यंत कोण काय म्हणाले ते दाखवणार नाही, हे लोकांनी मानले नाही.

नोटबुकाच्या घटकापुढे तोच पेच साध्या तांत्रिक कपड्यांत उभा असतो. टिपणे नोटबुकाच्या फाइलीतच ठेवायची, की शेजारी वेगळ्या फाइलीत, की दूरच्या सर्व्हरवर? आत ठेवली तर नोटबुक जाईल तिथे वादही जाईल. गिऱ्हाइकाला पाठवलेल्या फाइलीतून ‘हे आकडे त्यांना दाखवू नका’ हे वाक्यही जाईल. बाहेर ठेवली तर वर्षभराने नोटबुक आहे आणि तिच्यावरची चर्चा हरवली आहे, अशी अवस्था. मी शेजारच्या वेगळ्या फाइलीच्या बाजूचा आहे. नाव एक, गठ्ठा एक, पण अंगे दोन, सरकारी फाइलीसारखी. द्यायची की नाही ते देणाऱ्याने ठरवावे. पण हिशेबात ती असावीत.

देहूरोडचे नाव आणखी एका ग्रंथाशी निगडित आहे. २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या बुद्धविहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि सामान्य माणसाला समजेल असे बौद्ध धर्मावरचे पुस्तक आपण लिहीत आहोत, असे त्या वेळी सांगितले. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. खंड, भाग, प्रकरण आणि आत जवळजवळ प्रत्येक वाक्याला किंवा छोट्या परिच्छेदाला स्वतंत्र क्रमांक. भदंत आनंद कौसल्यायनांनी हिंदी अनुवाद करताना मूळ पालीतले आधार हुडकून जोडले. अशा जोडणीला हे क्रमांक फार सोयीचे. पान बदलो, टाइप बदलो, भाषा बदलो, खंड-भाग-क्रमांक सांगितला की वाक्य सापडते. इथे क्रमांक लेखनातच घातलेला आहे, कुण्या संपादकाने मागाहून लावलेला नाही. गाथेत आणि यात फरक पडतो तो इथे.

ज्युपिटरवाल्यांना हे उमगायला थोडी वर्षे गेली. नोटबुक फाइलीच्या ४.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ च्या आसपास, प्रत्येक सेलला जन्मतःच एक ओळख मिळू लागली. १ ते ६४ अक्षरांची, त्या नोटबुकात एकमेव. सेल वर न्या, खाली न्या, शंभरदा चालवा, ओळख तीच. टिपणाच्या घटकाने आता फेरीचा आकडा विचारायचा नाही, ही ओळख विचारायची. सेलच्या आतल्या एखाद्या शब्दावर टीप असेल, तर ओळख आणि वर सांगितलेले अवतरण, दोन्ही. चार जण एकाच वेळी टाइप करत असतील तर प्रत्येक अक्षराशी बांधलेली जागा लागते. ज्युपिटरलॅबने सहलेखनासाठी घेतलेल्या वायजेएस या संचात ती सोय आहे.

घटक पुन्हापुन्हा वापरता यायचा तर एक भिंत मात्र कडक हवी. टिपांची यादी, उत्तरे, मिटवणे, रंग, सूचना हे सगळे एका बाजूला. ‘पत्ता कसा लिहायचा आणि पुन्हा कसा शोधायचा’ हे दुसऱ्या बाजूला. नोटबुकासाठी पत्ता म्हणजे सेलची ओळख, तक्त्यासाठी ओळ आणि रकाना, चित्रासाठी चौकोन. चाकणच्या ड्रॉइंगच्या कडेला ए, बी, सी आणि १, २, ३ अशी झोनची अक्षरे आणि आकडे छापलेले असतात ती याचसाठी. रिव्हिजनच्या तक्त्यात ‘झोन सी ३’ लिहिले की नजर थेट तिथे. टिपांच्या बाजूला यातले काही कळायची गरज नाही. तिने फक्त विचारायचे, ‘ही जागा अजून आहे का?’ आणि उत्तर तीन प्रकारचे येऊ शकते: आहे, बहुधा इथे आहे, नाही.

तिसरे उत्तर आले की बहुतेक घटक टीप पुसून मोकळे होतात. सेल गेला, चर्चा गेली. हे मला अजिबात पटत नाही, कारण सेल काढून टाकण्याचे कारण पुष्कळदा त्या चर्चेतच असते. हायपोथेसिस या वेबवरच्या टिपणसंचाने अशा टिपांना वेगळा कप्पा दिला आहे; मूळ शब्द सापडेनासे झाले तरी ते शब्द आणि त्यावरचे बोलणे तिथे वाचता येते. सुकथनकरांच्या परिशिष्टाचेच हे भावंड. नोटबुकाच्या घटकात असा कप्पा शेवटी ठेवायचा, काढलेल्या सेलचा मजकूर, काढणाऱ्याचे नाव आणि तारीख यांसह. सेल परत आणला तर त्याच ओळखीने टीप पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते. एकाच सेलचे दोन तुकडे केले तर काय, हा वाद मात्र अजून शिल्लक आहे. जुनी ओळख एका तुकड्याकडे राहते, दुसऱ्याला नवी मिळते, आणि टीप ज्या ओळीवर होती ती नेमकी दुसऱ्या तुकड्यात गेलेली असते. तिथे ओळख हात वर करते आणि अवतरणालाच शोधत निघावे लागते.